मदत हवी आहे : मोटारीच्या कंपनांवरून डिजिटल सिग्नल प्रोसेसिंग शिकताना

नमस्कार. धरणगावजवळच्या एका जिनिंगमध्ये मी विद्युत देखभालीचे काम पाहतो. ऐन हंगामात बेअरिंग गेले की कापसाच्या गाड्या फाटकाबाहेर खोळंबतात. आमचे फिटर आप्पा स्क्रूड्रायव्हरचे टोक बेअरिंगच्या घरावर टेकवून मूठ कानाला लावतात आणि बेअरिंग कितपत टिकेल ते सांगतात. ही पारख मोजमापात उतरवता यावी, म्हणून मी डिजिटल सिग्नल प्रोसेसिंग, म्हणजे संकेताचे नमुने आकड्यांत घेऊन त्यांवर गणित करण्याचा विषय, मुळापासून शिकायला घेतला आहे.

सध्या कंपनांचे सेकंदाला १,००० नमुने घेतो. नमुनादर सर्वोच्च वारंवारतेच्या दुपटीहून अधिक हवा, हा नियम समजला. म्हणजे माझ्या मोजणीत ८८० हर्ट्झचे कंपन १२० हर्ट्झवर दिसेल, आणि दोघांचे नमुने सारखेच असल्यामुळे नंतर कोणत्याही गणिताने ते वेगळे काढता येणार नाहीत. त्यामुळे नमुने घेण्याआधीच फिल्टर हवा, हे पटते. परंतु साध्या आरसी (रोधक आणि धारित्राच्या) फिल्टरचा उतार फारच मंद असतो, म्हणजे मर्यादेवरच्या वारंवारता तो हळूहळूच दाबतो. मग त्याची मर्यादा ५०० हर्ट्झच्या (नमुनादराच्या निम्म्याच्या) बरीच खाली, समजा १०० हर्ट्झवर ठेवावी, की नमुनादरच १०,००० करून पुढचे गाळण्याचे काम डिजिटल फिल्टरवर सोपवावे? बेअरिंगमधील दोषाच्या खुणा बहुधा वरच्या वारंवारतांत आधी उमटतात, म्हणून माझा कल दुसऱ्या मार्गाकडे आहे.

खरी अडचण एफएफटीची, म्हणजे नमुन्यांतून कोणती वारंवारता किती जोरात आहे ते काढणाऱ्या जलद गणिताची आहे. चार पोलची मोटार भारावर मिनिटाला १,४४० फेरे घेते, म्हणजे २४ हर्ट्झ. २५६ नमुने घेतले तर वर्णपटाच्या (वारंवारतांच्या आलेखाच्या) दोन बिंदूंमधले अंतर सुमारे ३.९ हर्ट्झ पडते. २४ हर्ट्झ कोणत्याच बिंदूवर नेमके बसत नाही आणि त्याची ऊर्जा शेजारी पसरते. हॅन विंडो (नोंदीची दोन्ही टोके हळूहळू शून्यावर आणणारा गुणक) लावल्यास दूरवरचा पसारा कमी होतो, पण मुख्य शिखर रुंदावते. नोंदीच्या शेवटी शून्ये जोडल्याने आलेख गुळगुळीत दिसतो, पृथक्करणक्षमता (जवळच्या दोन वारंवारता वेगळ्या ओळखण्याची क्षमता) मात्र वाढत नाही. अर्ध्या हर्ट्झचा फरक ओळखायचा तर किमान दोन सेकंदांची नोंद हवी. पण तेवढ्या वेळात जिनवरचा भार बदलला, तर वेगही सरकतो. अशा वेळी नोंदीची लांबी जाणकार कशी ठरवतात? लहान तुकड्यांच्या वर्णपटांची सरासरी घ्यावी, की फेऱ्यांशी जुळवूनच नमुने घ्यावेत?

आठ बिंदूंचे डीएफटी (एफएफटी ज्याची जलद रीत आहे ते मूळ गणित) मी हाताने सोडवले आहे. यापुढे कन्व्होल्यूशन (फिल्टरमधून गेल्यावर नमुने कसे बदलतात त्याचे गणित) आधी पक्के करावे, की थेट झेड-रूपांतराकडे (डिजिटल फिल्टर बीजगणिताने मांडण्याच्या रीतीकडे) वळावे, हेही कृपया सांगावे.