छापील कुलवृत्तांत झाला, आता पत्रांची पेटी कशाला?

प्राजक्ता_मिनेसोटा
आमच्या शेजारच्या आजी ८८ वर्षांच्या आहेत. घराणं मूळचं नॉर्वेतल्या हालिंगदालचं. त्यांच्या माळ्यावर एक रंगवलेली लाकडी पेटी आहे. तीत नॉर्वेहून आलेली पत्रं, जमिनीचे कागद, हिशेबाची एक वही आणि जन्म-मृत्यूच्या नोंदी असलेलं बायबल. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या पुतण्याने घराण्याचा इतिहास छापून घेतला. आता मुलं म्हणतात, पुस्तक झालंय, ती पत्रं कुणाला वाचताही येत नाहीत, काढून टाका. पेटी मात्र प्रत्येकाला हवी आहे, दिवाणखान्यात ठेवायला.

माझं मत उलट आहे. पुस्तक हरवलं तरी चालेल, पत्रं जाता कामा नयेत. १८२५ च्या जुलैत स्टाव्हांगरहून 'रेस्टोरेशन' नावाचं छोटं गलबत ५२ माणसं घेऊन निघालं आणि ऑक्टोबरात न्यूयॉर्कला पोचलं तेव्हा ती ५३ झाली होती, वाटेत एक मूल जन्मलं. त्यानंतरच्या शंभर वर्षांत आठ लाखांहून जास्त नॉर्वेजियन अमेरिकेत आले. त्यांनी घरी पाठवलेली पत्रं तिकडे गावभर फिरायची, मोठ्याने वाचली जायची, लोक नकला करून घ्यायचे. नॉर्वेच्या राष्ट्रीय अभिलेखागाराने त्यांचे खंड छापले आहेत. पण तिकडून आलेली उत्तरं? ती असलीच तर अशाच माळ्यांवर. अर्धं संभाषण आपण केराच्या पिशवीत भरायला निघालो आहोत.

नॉर्थफील्डला सेंट ओलाफ कॉलेजात नॉर्वेजियन-अमेरिकन इतिहास संस्था १९२५ पासून नेमके असे कागद जमवते. लेखक ओले रोल्वोग तिचे पहिले चिटणीस होते. आजींना तिथे घेऊन जायचं माझ्या मनात आहे. तुम्हाला काय वाटतं?

जुना_कारकून
प्राजक्ताताई, कळकळ पोचली, पण मी पुतण्याच्या बाजूने आहे. पत्रांवर एवढा विश्वास का? ज्याचं पीक टोळांनी खाल्लं, ज्याची शेती बुडाली, तो घरी पत्र लिहायला कितपत बसला असेल? ज्याचं बरं चाललं त्याची पत्रं जास्त. आणि आईला लिहिताना माणूस दुःख गाळतोच. त्यापेक्षा चर्चची नोंदवही बघा, पोलिसांनी ठेवलेल्या स्थलांतरितांच्या याद्या बघा. नॉर्वेच्या अभिलेखागाराने त्या इंटरनेटवर फुकट खुल्या केल्या आहेत. तिथे भावनेचा गुंता नाही, नाव आणि तारीख आहे.

मोडीवाचक
कारकूनकाका, नाव आहे म्हणता, पण कोणतं नाव? लार्सचा मुलगा ओले झाला 'ओले लार्सन', त्याचा मुलगा 'ओल्सन', शिवाय राहत्या शेताचं नाव मागे लागायचं आणि शेत बदललं की तेही बदलायचं. कायमचं आडनाव नॉर्वेत १९२३ च्या कायद्याने सक्तीचं झालं. अमेरिकेत एक भाऊ वडिलांचं नाव धरून बसला, दुसऱ्याने शेताचं घेतलं. यादीत असे ओले ओल्सन ढिगाने सापडतात. आपला कोणता, हे 'तुझ्या मावशीने गाय विकली' असल्या एका ओळीवरून कळतं.

आणि 'वाचता येत नाही' हे कारण मला सोसवत नाही. ती अक्षरं जुन्या गॉथिक वळणाची असणार, भाषा डॅनिशकडे झुकलेली. शिकता येतं. आमच्या घरी आजोबांनी मोडीतले कागद 'कळत नाहीत' म्हणून बंबात घातले. मी मोडी शिकलो तेव्हा वाचायला घरचा एक कागद उरला नव्हता.

अनघा_ओस्लो
मला वेगळीच बोच आहे. ही पत्रं लिहिणाऱ्या बायकांना कुणी विचारलं का? बहिणीने बहिणीला लिहिलेलं असतं: लग्नाआधीचं मूल, नवऱ्याचं पिणं, भावाचं वेड. आज ते अभिलेखागारात गेलं की उद्या पडद्यावर, परवा कुणाच्याही फोनवर. गावाकडे त्या घराण्याची माणसं अजून नांदताहेत. इतिहासाच्या नावाखाली कुणाचंही अंतःकरण उघडं करायचा हक्क आपल्याला कुणी दिला?

प्राजक्ता_मिनेसोटा
अनघा, पण हे बोलल्याशिवाय त्या बायका राहतात कुठे? एलिसाबेथ कोरेन ही पाद्र्याची बायको. १८५३-५४ चा हिवाळा तिने आयोवात डेकोराजवळ एका खोलीच्या लाकडी घरात काढला, दुसऱ्या कुटुंबाबरोबर, त्यांची दोन मुलंही तिथेच, मध्ये पडदा. ते घर आज डेकोराच्या व्हेस्टरहाइम संग्रहालयात उभं आहे. पण त्या खोलीत दिवस कसा जायचा हे घर सांगत नाही, तिची रोजनिशी सांगते. किंवा हालिंगदालचीच ग्रो स्वेन्डसेन. १८६२ ला आली, माहेरी पत्रं लिहीत राहिली, १८७८ मध्ये दहाव्या बाळंतपणात गेली. कुलवृत्तांतात तिला एक ओळ मिळाली असती: जन्म, विवाह, अपत्ये दहा, मृत्यू.

जुना_कारकून
मग गुरी एन्ड्रेसेनचं काय कराल? १८६२ च्या डकोटा युद्धात, म्हणजे तिथल्या मूळच्या डकोटा लोकांच्या गोऱ्या वसाहतवाल्यांशी आणि सरकारशी झालेल्या लढाईत, मिनेसोटात तिचा नवरा आणि एक मुलगा मारला गेला. तिने जखमी शेजाऱ्यांना बैलगाडीत घालून सुरक्षित जागी नेलं. पुढे राज्याने तिचं स्मारक उभारलं. १८६६ मध्ये तिने नॉर्वेला पत्र लिहिलं, त्यात नवऱ्या-मुलाचं दुःख आहे, स्वतःच्या धैर्याबद्दल अवाक्षर नाही. नुसती पत्रं जपली असती तर ती गोष्ट गेली असती. शेजाऱ्यांनी सांगितलं, घरच्यांनी सांगितलं, म्हणून उरली. पुतण्याच्या पुस्तकाला इतकं हिणवू नका.

मोडीवाचक
हे उदाहरण मला पटलं. पुस्तकही द्या, पत्रांसोबत द्या. ती गप्प का राहिली हा प्रश्न दोन्ही शेजारी ठेवले तरच पडतो.

दूरची_नणंद
आणि ज्यांची जमीन होती ते? त्या युद्धानंतर १८६२ च्या डिसेंबरात मिनेसोटातल्या मॅन्केटोला ३८ डकोटा पुरुषांना एका दिवशी फाशी दिलं. त्याच वर्षी होमस्टेड कायदा आला, वस्ती करणाऱ्याला १६० एकर सरकारी जमीन देणारा. पेटीतले जमिनीचे कागद त्या व्यवहाराचे असू शकतात. छापील कुलवृत्तांतात 'ओसाड माळरान फुलवलं' असं लिहितात. ते ओसाड कसं झालं हे बहुधा लिहीत नाहीत. म्हणून मला पुस्तकापेक्षा कागद हवेत, न गाळलेले. अनघाताईंची लाज राखायची भाषा इथे नकोशी वाटते.

अनघा_ओस्लो
जमिनीच्या कागदाला मी कधीच हरकत घेतली नाही. सरकारी व्यवहार आणि बहिणीचं पत्र एकाच तागडीत घालू नका.

प्राजक्ता_मिनेसोटा
आज आजींशी बोलले. पत्रं, वही, बायबल, पुस्तक सगळं द्यायला त्या तयार आहेत. लिफाफे आणि पत्रांचा क्रम मी तसाच ठेवणार आहे, कारण कुणी काय जवळजवळ ठेवलं होतं तेही कळायला हवं. एक पुडकं मात्र त्यांनी बाजूला काढलं. त्यांच्या आजीच्या हातची गाठ तशीच आहे. म्हणाल्या, हे तिने कुणाला दाखवलं नव्हतं. काही वर्षं बंद ठेवायची अट घालून देता येईल का, ते मी सोमवारी विचारणार आहे.

अनघा_ओस्लो
अट लेखी घ्या. आणि त्यांच्या हयातीत ती गाठ तुम्हीही सोडू नका.