मदत हवी आहे: वाचनालयाच्या कॉम्प्युटरचा एसएमपीएस (आतल्या भागांना वीज देणारा डबा) गेला, नवा कोणता घ्यावा? (देवगड)

मंडळी, जरा सविस्तर लिहितो, कारण अर्धवट माहितीवर सल्ला देणं तुम्हालाही अवघड जाईल.

आमच्या गावच्या वाचनालयाचं काम मी पाहतो. देवगड तालुक्यात, किनाऱ्याजवळ, कातळावर बांधलेली चिऱ्याची इमारत आहे. तिथला डेस्कटॉप बंद पडलाय. पुस्तकांची नोंद, सभासदांची वर्गणी, देवघेव, सगळं त्याच्यावर. शिवाय दहावी-बारावीची मुलं प्रवेशाचे फॉर्म भरायला तिथेच येतात आणि आता नेमके तेच दिवस आहेत. त्यांना फॉर्म भरायला कणकवलीला जायला सांगणं मला पटत नाही.

वळवाचा पाऊस झाला त्या संध्याकाळी लाईट सारखी जात-येत होती. शेवटी आली तेव्हा बल्ब नेहमीपेक्षा कितीतरी प्रखर पेटला, पंखा सुसाट फिरायला लागला आणि कॅबिनेटच्या मागून फट् आवाज आला. पाठोपाठ जळका वास. राऊटरचा अडॅप्टरही त्याच वेळी गेला. मॉनिटर वाचला, लॅपटॉपला लावून पाहिला.

आता बटण दाबलं की प्रोसेसरवरचा पंखा अर्धा फेरा घेतो आणि थांबतो. मदरबोर्डवरचा दिवा लागतो, पण मिणमिणता. गावातला एक मुलगा आयटीआयला आहे, तो मीटर घेऊन आला. त्याने एसएमपीएसच्या सगळ्या वायरी मदरबोर्ड आणि डिस्कवरून काढल्या, २४ पिनच्या कनेक्टरमधली हिरवी वायर शेजारच्या काळीला क्लिपने जोडली आणि मग स्विच चालू केला. पंखा फिरला, पण पिवळ्या वायरवर १२ व्होल्टच्या जागी ९ च्या आसपास दिसले, तेही उतरत गेले आणि सगळं बंद. जांभळ्या वायरवर बटण न दाबताही ५ व्होल्ट हवेत, तिथे ४ च्या थोडे वर. मागच्या जाळीतून बॅटरी मारली तर आत एका कपॅसिटरचं (वीज साठवणाऱ्या नळकांडीचं) डोकं फुगून वर आलेलं दिसतं, त्याच्या कडेने तपकिरी चिकट काहीतरी सुकलंय. पंख्याच्या पात्यांवर खाऱ्या हवेने ओली झालेली काळी धूळ, बोट लावलं तर काजळीसारखी निघते.

मशीन असेंबल्ड आहे. चौथ्या पिढीचा आय-३, ८ जीबी रॅम, एक एसएसडी, एक मोठी हार्ड डिस्क, डीव्हीडी रायटर. ग्राफिक्स कार्ड नाही. जुन्या एसएमपीएसवर मोठ्या अक्षरांत ४५० वॅट लिहिलंय. पण खालचा बारीक तक्ता वाचला तर १२ व्होल्टच्या रांगेत फक्त १४ अँपिअर. म्हणजे १६८ वॅट! मग ४५० आले कुठून?

तालुक्याच्या दुकानात तसाच ‘४५० वॅट’वाला ७०० रुपयांत मिळतोय, एक वर्षाची वॉरंटी. कणकवलीत ८० प्लस ब्राँझचा (कमी वीज वाया घालवतो, असं प्रमाणपत्र असलेला) ४५० वॅटचा २,६०० ला सांगितला, पाच वर्षांची वॉरंटी. माझा कल दुसऱ्याकडे आहे. लोकांच्या वर्गणीचे पैसे आहेत, दर दोन वर्षांनी तेच सामान घ्यायला नको. पण कार्यकारिणीला चौपट किंमत पटवायची तर माझ्याकडे नीट कारण हवं. एवढ्या मशीनला ४५० पुरेल ना? मदरबोर्डही गेला असेल तर नवा एसएमपीएस फुकट जाईल का? आणि एक गोष्ट बरेच दिवस मनात आहे. उघड्या पायांनी कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येतात. याचा यात काही संबंध आहे का?

प्रतिसाद, रत्नागिरीहून

दादा, निदान बरोबर आहे. एसएमपीएस एकटा तपासूनही व्होल्ट पडतायत म्हणजे दोष त्याच्यातच. १२ व्होल्टला पाच टक्के इकडे-तिकडे चालतं, म्हणजे ११.४ ते १२.६. ५ व्होल्टला ४.७५ ते ५.२५. तुमचे आकडे त्याच्या फारच खाली आहेत.

तो उघडून कपॅसिटर बदलून देतो असं कोणी म्हणालं तर नको म्हणा. आतल्या मोठ्या कपॅसिटरवर ३०० व्होल्टच्या वर डीसी असतो आणि प्लग काढल्यावरही काही वेळ राहतो. त्या आयटीआयच्या मुलालाही हे बजावून सांगा, शिकायच्या उत्साहात मुलं हात घालतात.

मदरबोर्डचं नक्की सांगायचं तर चांगला एसएमपीएस लावून पाहणं हाच मार्ग. विकत घेण्याआधी शाळेच्या कॉम्प्युटर लॅबमधला तासाभरासाठी मागून आणा. लावताना एसएसडी आणि हार्ड डिस्क दोन्ही सोडवून ठेवा. नुसता बोर्ड, प्रोसेसर, एक रॅम. स्क्रीनवर अक्षरं आली की बोर्ड वाचला. एकदा बंद करून दुसऱ्या दिवशी परत चालू करून बघा, मगच डिस्क जोडा. नोंदींची काळजी असेल तर त्याआधीच डिस्क यूएसबी अडॅप्टरने लॅपटॉपला लावून सगळं उतरवून घ्या. मोठ्या डिस्कसाठीचा अडॅप्टर १२ व्होल्टचा वेगळा प्लग असलेलाच घ्या, नुसत्या यूएसबीवर ती फिरत नाही.

वॅटचं म्हणाल तर तुमचा प्रोसेसर ५४ वॅटचा. डिस्क, रायटर, पंखे सगळं धरून शंभराच्या आसपास जाईल. ४५० ब्राँझ भरपूर झाला. कार्यकारिणीला तो बारीक तक्ताच दाखवा. चांगल्या ४५० वॅटच्या एसएमपीएसवर १२ व्होल्टची रांग एकटीच चारशे वॅटच्या पुढे जाते, कारण आजचं मशीन बहुतेक सगळं १२ व्होल्टवरच चालतं. स्वस्तातले ३.३ आणि ५ व्होल्टचे फुगवलेले आकडे मिळवून बेरीज छापतात.

बसवताना प्रोसेसरजवळची ४ पिनची वेगळी वायर विसरू नका. ती राहिली की पंखे फिरतात, स्क्रीन काळीच राहते आणि माणूस उगाच बोर्डला दोष देतो. नव्याची वायर ४+४ असेल, त्यातली अर्धी लागेल.

प्रतिसाद, मालवणहून

वरचं सगळं बरोबर. फक्त यूपीएस किंवा इन्व्हर्टर असेल तर त्याचं बघून घ्या. नवे चांगले एसएमपीएस ॲक्टिव्ह पीएफसीचे (लाईनमधून वीज सुरळीत ओढणाऱ्या सर्किटचे) असतात. जुन्या स्क्वेअर वेव्ह (चौकोनी लाटेची वीज देणाऱ्या) इन्व्हर्टरवर त्यातले काही लाईट जाताक्षणी बंद पडतात. माझ्याकडे तसं होत होतं, साईन वेव्हवाला (लाईनसारखी गोलसर लाट देणारा) घेतल्यावर थांबलं. आणि पावसाळ्यात वाचनालयाला सुट्टी असली तरी मशीन रोज अर्धा तास चालू ठेवा. आतली ऊब दमट हवेवरचा सगळ्यात स्वस्त उपाय आहे.

प्रतिसाद, गुहागरहून (वायरिंगची कामं करतो)

काका, झिणझिण्यांबद्दल कोणी बोललं नाही, म्हणून लिहितो. तुमच्या विजेच्या स्विचबोर्डाला अर्थिंग नाही, किंवा असून नसल्यासारखं आहे. एसएमपीएसच्या तोंडाशी फिल्टरचे दोन छोटे कपॅसिटर असतात, ते फेज आणि न्यूट्रल दोन्हींकडून कॅबिनेटला जोडलेले. अर्थिंग चांगलं असेल तर तो किंचित करंट जमिनीत जातो. नसेल तर कॅबिनेट फेज-न्यूट्रलच्या मधोमध, शंभर-सव्वाशे व्होल्टवर लटकतं. करंट अगदी कमी म्हणून नुसत्या मुंग्या येतात. पण उद्या आत खरी फेज कॅबिनेटला लागली तर मुंग्यांवर भागणार नाही, आणि तिथे मुलं बसतात.

मीटरने सॉकेटवर बघा. फेज-न्यूट्रल जेवढे, जवळजवळ तेवढेच फेज-अर्थ यायला हवेत, आणि न्यूट्रल-अर्थ दोन-तीन व्होल्टच्या आत. कातळावरच्या इमारतींत हे फार दिसतं. जांभ्यात पाणी टिकत नाही, मे महिन्यात खड्डा ठणठणीत कोरडा होतो आणि खाऱ्या हवेने पाईपचा जोड गंजून सुटतो. कोळसा-मिठाचा खड्डा असेल तर उकरून जोड नवा करा, नाहीतर केमिकल अर्थिंगचा रॉड घाला. जागा निवडताना विहिरीच्या बाजूची, माती असलेली बघा.

आता मूळ कारण. बल्ब प्रखर, पंखा सुसाट, राऊटरही गेला, म्हणजे लाईनवर न्यूट्रल सुटला होता आणि घरात २३० च्या ऐवजी बरंच जास्त आलं. त्याला एमसीबी काही करत नाही, ती फक्त करंट वाढला तर पडते. मेन बोर्डात ओव्हर-अंडर व्होल्टेज प्रोटेक्टर बसवा. व्होल्टेज मर्यादेबाहेर गेलं की तो लाईन तोडतो आणि सुरळीत झालं की थोडं थांबून परत जोडतो. हे केलं नाही तर २,६०० चा एसएमपीएसही अशाच एखाद्या संध्याकाळी जाईल.

धागाकर्ता

सगळ्यांचे मनापासून आभार. शाळेतला एसएमपीएस मिळाला, डिस्क बाजूला ठेवून लावला आणि स्क्रीन आली. बोर्ड शाबूत आहे. नोंदी लॅपटॉपवर उतरवल्या, एकही फाईल गेलेली नाही. केवढा जीव भांड्यात पडला म्हणून सांगू!

सॉकेटवर फेज-न्यूट्रल २३६ आले आणि फेज-अर्थ जेमतेम १३०. गुहागरच्या दादांनी न बघता ओळखलं. मागच्या अंगणात जुना खड्डा सापडला, पट्टीचा जोड बोटांनी चुरला एवढा गंजलाय. कार्यकारिणीपुढे आता एसएमपीएस, अर्थिंग आणि प्रोटेक्टर असा एकच खर्च मांडतोय.

दादा, आणखी एक विचारतो. विहीर इमारतीपासून पंचवीसेक मीटरवर आहे. तिथून अर्थिंगची वायर आणायची तर तांब्याची घेऊ की जीआय (जस्त चढवलेली लोखंडी) पट्टीच चालेल? वाटेत ती जमिनीखालून न्यावी लागेल आणि मधे सगळा कातळ आहे.