एलएफएस १२.३ वरून १२.४: मराठी मार्गदर्शिका नव्या आवृत्तीवर नेताना काय काय तपासायचं?

सोर्सवाला
नमस्कार मंडळी. 'लिनक्स फ्रॉम स्क्रॅच' (एलएफएस, सगळं सोर्समधून बांधत लिनक्स उभं करायला शिकवणारं पुस्तक) याच्या १२.३ (मार्च २०२५) वर बेतलेली मराठी मार्गदर्शिका विद्यार्थ्यांसाठी सांभाळतो. मूळ पुस्तकासारखीच डॉकबुक एक्सएमएलमध्ये आहे, गिटमध्ये ठेवलेली. आता ती १२.४ (सप्टेंबर २०२५) वर न्यायची आहे. म्हणजे कंपायलर जीसीसी १४.२ चं १५.२, सी लायब्ररी ग्लिबसी २.४१ चं २.४२, असेंबलर-लिंकरचा संच बाइनयूटिल्स २.४४ चं २.४५. पॅकेजेस.ईएनटी फाइलमध्ये आवृत्त्या आणि एमडी५ चेकसम बदलले. सहाव्या प्रकरणात काही पर्याय मूळ पुस्तकातून उचलावे लागले, पण सातवं प्रकरण पार झालं. आठव्यात जीएमपी (मोठ्या आकड्यांच्या गणिताची लायब्ररी) ६.३.० अडलं. तिची कॉन्फिगर स्क्रिप्ट म्हणते, चालणारा कंपायलर सापडला नाही. त्याच क्रूटमध्ये (वेगळ्या केलेल्या नव्या सिस्टिमच्या आत) त्याच जीसीसीने साधा प्रोग्रॅम बनतो आणि चालतोही.

दोन प्रश्न. जीएमपीचं नक्की काय बिनसलंय? आणि मार्गदर्शिकेत सोर्स फाइलीतला मजकूर बदलणाऱ्या 'सेड' आज्ञेचे बरेच तुकडे वर्षानुवर्षं पुढे सरकत आलेत. त्यातले कुठले अजून लागतात आणि कुठले मेलेत, हे कसं ओळखायचं?

मेकमास्तर
कंपायलर ठणठणीत आहे, संदेश फसवा आहे. कॉन्फिग.लॉग उघडा आणि 'लाँग लाँग रिलायबिलिटी टेस्ट' शोधा. त्या चाचणीत 'जी' नावाचं एक फंक्शन रिकाम्या कंसांनी लिहिलंय आणि पुढे त्यालाच आर्ग्युमेंट्स देऊन हाक मारली आहे. जुन्या सीमध्ये रिकामे कंस म्हणजे 'पॅरामीटर किती ते सांगितलेलं नाही', म्हणून ते चालायचं. जीसीसी १५ मध्ये काही न सांगता सी२३ लागू होतं (जीएनयू२३), आणि तिथे रिकामे कंस म्हणजे 'एकही पॅरामीटर नाही'. चाचणीचा तुकडा कंपाइल होत नाही. जीएमपी त्याचा अर्थ 'हा कंपायलर नापास' असा लावतं, आणि यादीतले सगळे पर्याय नापास झाले की तुम्हाला दिसलेला संदेश टाकून थांबतं.

१२.४ च्या पुस्तकात यासाठी एकच ओळ आहे. कॉन्फिगर फाइलमध्ये 'लाँग लाँग टी१;' असलेली ओळ आणि तिच्या पुढची ओळ, एवढ्याच टप्प्यात सेडने रिकाम्या कंसांच्या जागी तीन टिंबं असलेले कंस टाकायचे. सी२३ मध्ये नुसती तीन टिंबं हा वैध पॅरामीटर आहे.

सीचं जुनं मानक (जीएनयू१७) सीफ्लॅग्ज या कंपायलर-पर्यायांच्या व्हेरिएबलमधून देण्याचा मोह होईल. इतर जुन्या पॅकेजना तो उपाय ठीक, जीएमपीला नको. सीफ्लॅग्ज रिकामं असलं तर जीएमपी प्रोसेसर बघून स्वतःचे पर्याय निवडतं. तुम्ही काही दिलंत की ते निवडणं सोडून देतं. आणि जीएनयू१७ सगळ्या बिल्डला एकदम लावू तर मुळीच नका. कुठलं पॅकेज खरंच मोडलेलं आहे ते मग कधीच कळणार नाही.

एक्स्पेक्ट या पॅकेजचा जीसीसी १५ साठीचा पॅच (सोर्समधल्या बदलांची तयार फाइल) तुम्ही घेतला असणारच. ते क्रमाने जीएमपीच्या आधी येतं, नाहीतर तिथेच थांबला असतात.

टिंबटिंब
सेडबद्दल. पॅच आणि सेड यांत एक फरक आहे आणि मार्गदर्शिका सांभाळणाऱ्याचा निम्मा त्रास त्यातूनच येतो. पॅच लागला नाही तर बोंब मारतो: हंक नापास, रिजेक्ट फाइल, शून्य नसलेला एग्झिट कोड. सेडला नमुना सापडला नाही तरी तो निमूट शून्य परत करतो. बिल्ड पुढे जातो आणि बिघाड दुसऱ्याच प्रकरणात डोकं वर काढतो.

उदाहरण जीसीसीचंच घ्या. ६४ बिटी इंटेल-एएमडीवर टी-लिनक्स६४ फाइलमध्ये एम६४ च्या ओळीत लिब६४ चं लिब करणारा सेड आहे. उद्या वरच्या मंडळींनी (मूळ प्रकल्पवाल्यांनी) ती ओळ वेगळ्या तऱ्हेने लिहिली तर सेड काहीच करणार नाही, जीसीसी विनातक्रार बनेल आणि लायब्ररी /यूएसआर/लिब६४ मध्ये जाऊन बसतील. एलएफएसमध्ये ती डिरेक्टरी असताच कामा नये, पुस्तकातही तसं बजावलंय. म्हणून प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी ती तयार झाली का ते बघा. झाली असेल तर तिच्यातल्या फाइलींच्या वेळेवरून कुठल्या पॅकेजने केली ते लगेच कळतं.

नवी आवृत्ती घेताना प्रत्येक सेडसाठी असं करा. जागच्या जागी बदलाच्या पर्यायाला .ओरिग हे शेपूट जोडा, म्हणजे मूळ प्रत मागे राहील. मग सीएमपी आज्ञेने दोन्ही फाइली ताडून पाहा. सारख्या निघाल्या तर सेड मेला. एकाच फाइलवर दोन सेड असतील तर शेपूट वेगवेगळं ठेवा, नाहीतर दुसरा सेड पहिल्याची मूळ प्रत पुसून टाकतो. ही तपासणी फक्त सांभाळणाऱ्यासाठी आहे, वाचकाच्या पानावर ती नको.

मेलेला सेड लगेच काढू नका मात्र. दोन शक्यता असतात. एक, वर दुरुस्ती झाली म्हणून नमुना गेला, मग काढा. दोन, कोड फक्त हलला आणि दोष तसाच आहे, मग नमुना नव्याने लिहावा लागतो. सेड नुसता चालला की नाही यावरून हे कळत नाही, ती ओळ वाचावी लागते. म्हणून सेडच्या वर एक्सएमएल टिप्पणीत तीन गोष्टी लिहून ठेवा: कशासाठी, कुठल्या आवृत्तीपासून, आणि काय झालं की काढायचा. सहा महिन्यांनी 'हे कशाला घातलं होतं बुवा' म्हणत बसायला नको.

पॅच बोंब मारतो म्हणून पूर्ण बिनधास्तही राहू नका. 'फझ' असा शब्द दिसला तर त्याने आजूबाजूच्या ओळी पुरत्या न जुळताही बदल लावलाय. तिथे हाताने बघा. कोअरयूटिल्सचा आयएटीनएन (बहुभाषा आधाराचा) पॅच तर जवळजवळ प्रत्येक आवृत्तीला नव्याने बसवावा लागतो.

सोर्सवाला
मेकमास्तर, जीएमपी सुटलं, आभार. टिंबटिंब, तुमच्या पद्धतीने बघितलं तर तीन सेड मेलेले निघाले आणि त्यातला एक अजून लागतोच. आता पूर्ण बिल्ड जेहाल्फ्सने (पुस्तकातल्या आज्ञा आपोआप चालवणाऱ्या साधनाने) परत लावतोय. चाचण्या सगळ्या चालवाव्यात की फक्त ग्लिबसी, बाइनयूटिल्स, जीसीसीच्या? आणि एसबीयूचे (बिल्डचा वेळ मोजायच्या एककाचे) आकडे दरवेळी नव्याने मोजता का?

रात्रपाळी
विद्यार्थ्यांना ते तीन पुरे, पुस्तकही त्यांनाच अत्यावश्यक मानतं. तुम्ही मार्गदर्शिका काढताय, तेव्हा सगळ्या चालवा. कारण 'या चाचण्या नापास होतील, चिंता नको' ही यादी तुमच्याच पानावर असते. ती शिळी असली की वाचक एक तर घाबरतो नाहीतर खरा दोषही सोडून देतो. ग्लिबसीत आयओखालची टीएसटी-एलसीएचमॉड क्रूटमध्ये नापास होतेच. वेळ संपल्यामुळे पडणाऱ्या चाचण्या वेगळ्या लिहा, त्या संथ मशीनवरच दिसतात. जीसीसीच्या आधी स्टॅकची मर्यादा काढा आणि टेस्टर या युजरखाली चालवा. रूट म्हणून चालवल्या तर निकालाला अर्थ नाही.

जेहाल्फ्स लावण्याआधी एक बघा. ते तुमच्या एक्सएमएलमधून यूजरइनपुट टॅगच्या आतला मजकूर उचलतं आणि त्यातून मेकफाइल बनवतं. चाचणीच्या आज्ञेला रीमॅप गुणधर्म 'टेस्ट' नसेल तर चाचण्या बंद ठेवल्या तरी ती चालेल. नुसत्या उदाहरणादाखल दिलेल्या आज्ञेच्या स्क्रीन टॅगला 'नोडम्प' नसेल तर तीही चालेल, मग ती काहीही असो. भाषांतर करताना हे गुणधर्म हमखास गळतात. मूळ फाइल आणि तुमची फाइल यांतले फक्त टॅग काढून डिफ करा, पाच मिनिटांत सगळं दिसतं.

आणि जेहाल्फ्स यशस्वी झालं म्हणजे पान बरोबर आहे असं नाही. ते आज्ञा चालवतं, वाक्यं नाही. जीसीसीनंतरच्या खात्रीच्या पायरीत रीडएल्फचं अपेक्षित उत्तर, म्हणजे /लिब६४ मधल्या एलडी-लिनक्स-एक्स८६-६४.एसओ.२ ची ओळ, छापलेलं आहे. ते डोळ्यांनी ताडून पाहा. तसंच होस्टवर (ज्या सिस्टिमवरून बिल्ड करतो तिच्यावर) किमान कर्नल किती हवा तो आकडा आणि ग्लिबसीच्या कॉन्फिगरला दिलेला आकडा एकच हवा. दोन वेगळ्या पानांवर असल्याने एक बदलतो आणि दुसरा तसाच राहतो.

एसबीयू: १ एसबीयू म्हणजे बाइनयूटिल्सची पहिली फेरी, एका कोअरवर. किती कोअरवर बाकीचं मोजलं ते लिहिलं नाही तर पुढचे सगळे आकडे निरर्थक. मूळ पुस्तकातले घेतले तरी चालतात, फक्त स्वतःचे आणि त्यांचे मिसळू नका.

मेकमास्तर
डाउनलोडचं राहिलं. गिटहबवर आपोआप बनणारी टारफाइल शक्यतो देऊ नका, प्रकल्पाने स्वतः चढवलेली द्या. जानेवारी २०२३ मध्ये गिटहबने कॉम्प्रेशन बदललं तेव्हा अशा फाइलींचे चेकसम एका झटक्यात बदलले होते. तो बदल मागे घेतला, पण भरवसा तेवढाच. 'फाइल' नावाच्या पॅकेजच्या मूळ साइटवरून जुन्या आवृत्त्या कधीकधी काढून टाकतात, तेव्हा एलएफएसच्या मिररचा पत्ताही सोबत द्या.

परवान्याचंही बघून ठेवा. पुस्तकाचा मजकूर क्रिएटिव्ह कॉमन्सच्या अव्यावसायिक, समान-वाटप परवान्याखाली आहे आणि त्यातल्या आज्ञा एमआयटी परवान्याखाली. भाषांतर फुकट वाटायला हरकत नाही, त्याच परवान्याने आणि श्रेय देऊन. फी घेणाऱ्या क्लासला छापील नोट्स म्हणून द्यायचं असेल तर आधी त्यांना विचारा.

टिंबटिंब
सोर्सवाला, होस्ट उबुंटू असेल तर जेहाल्फ्स लावण्याआधी एसएच हा दुवा कुठल्या शेलकडे बोट दाखवतोय बघा. डॅश असेल तर बॅशकडे वळवा, आणि ऑक हे मॉक असेल तर गॉक बसवा. आणि होस्टच्या /ईटीसी मधली बॅश.बॅशआरसी एलएफएस युजरच्या वातावरणात घुसत असेल तर तात्पुरतं तिचं नाव बदला.