सुई टोचली की दोष नर्सचाच का?

रात्रपाळी_सिस्टर:
इमर्जन्सीत नर्सला पेशंटला वापरलेली सुई टोचली की पहिला प्रश्न ठरलेला: "लक्ष कुठे होतं?" माझं स्पष्ट मत आहे, हा प्रश्न बंद करा. बोलणी बसतील म्हणून मुली टोचल्याचं सांगतच नाहीत. एचआयव्हीचं प्रतिबंधक औषध जितकं लवकर तितकं चांगलं, ७२ तासांनंतर सुरू करून उपयोग नाही. आणि आपल्याकडे ड्यूटी संपेपर्यंत तोंडातून शब्द निघत नाही!

जुनी_इन्चार्ज:
अजिबात पटलं नाही. शार्प्स बॉक्स (वापरलेल्या सुया टाकायचा डबा) ट्रॉलीवर असतानाही दोन्ही हातांनी सुईला टोपण लावणाऱ्या मी रोज बघते. एकाच ग्लोव्ह्जमध्ये दोन पेशंट. हिपॅटायटिस बीच्या लसीचं विचारलं की "दोन डोस झालेत, तिसरा राहिला". बाधित रक्ताच्या सुईने एचआयव्ही होण्याची शक्यता सुमारे ०.३ टक्के, तर लस न घेतलेल्याला हिपॅटायटिस बी होण्याची ३० टक्क्यांपर्यंत. तरी घाबरतात एचआयव्हीलाच. यात व्यवस्थेचा काय दोष?

रात्रपाळी_सिस्टर:
लसीचं शंभर टक्के मान्य. तिसऱ्या डोसनंतर १-२ महिन्यांनी, लस लागू पडली का ते कळायला, रक्तातल्या अँटीबॉडीही तपासायला हव्यात, ते तर कोणी करतच नाही. पण सुईचं वेगळं आहे. पेशंटला झटके येताहेत, एका हाताने त्याचा दंड दाबून धरलाय, दुसऱ्या हातात रक्ताने माखलेली सुई. बॉक्स पार भिंतीपाशी, तोही काठोकाठ, वरून सुया डोकावताहेत. तीन चतुर्थांश भरला की बदलायचा असतो, तो बदलणार कोण? मग सुई ट्रेमध्ये पडते आणि पुढे सफाईवाल्या मावशींना टोचते. त्यांना तर लसीचं कोणी विचारलेलंही नसतं.

नवीन_स्टाफ:
टोचल्यावर बोट पिळून रक्त काढायचं असं सीनियर सांगतात. बरोबर आहे का?

जुनी_इन्चार्ज:
नाही, पिळायचं नाही. वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवायचं आणि लगेच कळवायचं.
रात्रपाळी, मावशींचा मुद्दा बिनतोड आहे. प्रत्येक बेडजवळ बॉक्स हवाच, त्यासाठी मीही भांडेन. कळवणारीवर कारवाई नको, हेही कबूल. पण चौकशीच नको म्हणाल तर नाही. बॉक्स हाताशी होता की नव्हता, हे तरी विचारल्याशिवाय कसं कळणार?

रात्रपाळी_सिस्टर:
विचारा ना. आधी औषध सुरू करा, मग विचारा. आणि बॉक्स काठोकाठ भरलेला निघाला, तर तेही रजिस्टरमध्ये लिहा.