मदत हवी आहे: राणीछाप रुपयांवरचा हिरवा चिकट थर

नमस्कार मंडळी,

आजीच्या देव्हाऱ्यातल्या डब्यात चांदीचे ४ राणीछाप (व्हिक्टोरिया राणीचा छाप असलेले) रुपये आणि ३ शिवराया (शिवाजी महाराजांच्या नावाची तांब्याची नाणी) आहेत. (त्यातला एक रुपया १९१८ चा, म्हणजे पंचम जॉर्जचा, पण आजीच्या लेखी सगळे राणीछापच.) दर लक्ष्मीपूजनाला बाहेर यायचे, पंचामृत, हळदकुंकू, पुसून परत डब्यात. दहाबारा वर्षांपूर्वी काकांनी हौसेने सगळी नाणी अल्बममध्ये लावली. मऊ, वाकणाऱ्या प्लास्टिकचे खिसे असतात ना, तो. काल उघडला आणि जीव हळहळला.

रुपयांवर हिरवट थर आलाय. बोट लावलं तर तुपकट, चिकट लागतो. १८६२ च्या रुपयावर तर राणीच्या गालावरच आहे. अक्षरांच्या फटींत जुनं हळदकुंकू घट्ट बसलंय. शिवरायांपैकी दोन काळपट तपकिरी, तिसरीवर मात्र फिकट हिरवे ठिपके आहेत आणि त्यांची भुकटी पडते. घर श्रीवर्धनला, खारी हवा.

आई म्हणते चिंच लाव, लख्ख होतील. मी एकच आगाऊपणा केलाय: १९१८ चा रुपया भांड्यांच्या साबणाने धुतला. हळद लालभडक झाली आणि हिरवं जागच्या जागी! विकायचे नाहीत, पण खराबही करायचे नाहीत. काय करू?

नाणेवेडा:
ताई, आधी चिंच, लिंबू, राख, रांगोळी सगळं लांब ठेवा. आंबटाने वरचा थर झिजतो, घासल्याने बारीक ओरखडे पडतात, आणि ते परत भरून येत नाहीत. संग्राहक असं नाणं हातात घेताच ओळखतो.

तुमच्याकडे तीन वेगळ्या गोष्टी आहेत. चिकट हिरवं हा अल्बमचा प्रताप. ते खिसे पीव्हीसीचे असणार. त्याला मऊ ठेवणारं तेलकट द्रव्य कालांतराने बाहेर झिरपतं, शिवाय त्यातून आम्ल सुटतं. रुपया ११.६६ ग्रॅमचा, पण त्यात बाराव्या हिश्शाइतकं तांबं आहे. आम्लाने तेच हिरवं पडतं. अल्बम नाकाशी धरून बघा, नव्या रेक्झिनसारखा वास आला तर शंका नको.

औषध एकच, शुद्ध ॲसिटोन. काचेच्या झाकणाच्या बरणीत रुपये बुडतील एवढं घ्या आणि रात्रभर ठेवा. बरणी प्लास्टिकची नको, विरघळेल. सकाळी ताज्या ॲसिटोनमध्ये एकदा बुडवून काढा आणि हवेवर सुकू द्या, पुसू नका. खिडक्या उघड्या आणि निरांजन, गॅस विझलेला हवा, वाफ क्षणात पेट घेते.

हळद क्षाराने लाल होते, पारंपरिक कुंकू त्यातूनच होतं. म्हणजे तुम्ही रुपयावर ताजं कुंकू तयार केलंत :) हळदीचा रंग ॲसिटोनमध्येही उतरतो.

मीरा_क:
माझ्याकडे नेलपॉलिश रिमूव्हर आहे, त्यात ॲसिटोनच असतं की. चालेल?

नाणेवेडा:
नको. त्यात तेल, रंग, सुगंध मिसळलेला असतो, तो नाण्यावर थर धरून बसतो.

तांबेपितळ:
शिवरायांबद्दल कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. काळपट दोघींना हात लावू नका, तो घट्ट बसलेला थरच तांब्याला सांभाळतो. भांडं कळकतं तसा हा कळंक नाही. भुकटी पडणारी मात्र आजारी आहे. मीठ-घामातला क्लोराइड तांब्यात शिरला की ओलावा मिळेल तेव्हा पुन्हा पुन्हा फुटतो. ॲसिटोनने तो जात नाही. डिस्टिल्ड पाण्यात भिजवा, रोज पाणी बदला, दोनतीन आठवडे तरी. मग पूर्ण वाळवून सिलिका जेलच्या पुड्यांसह घट्ट झाकणाच्या डबीत. नळाचं पाणी नको, त्यातही क्लोरीन असतं. एक विचारतो, 'श्री राजा शिव' नीट वाचता येतंय का?

धागाकर्ती:
'श्री' आणि 'शिव' स्पष्ट, 'राजा' अर्धवट. मागे 'छत्रपति' आहे.

रुपयांचं सांगते. सकाळी ॲसिटोन पिवळट झालं होतं, हिरवं सगळं गेलं. राणीच्या गालावर मात्र टाचणीच्या टोकाएवढा खड्डा राहिलाय, तिथलं तांबं आधीच खाल्लं गेलं होतं बहुतेक. १९१८ च्या अक्षरांत थोडी लाली आहे, ती राहू दिली. अल्बम बाहेर टाकला, आता मायलरच्या (पॉलिस्टर प्लास्टिकच्या) कडक पाकिटांत ठेवतेय.

आजीला सांगितलं, यंदापासून हळदकुंकू नाण्यांना नको. ती म्हणाली, "मग सुपारीला लावू, पण रुपये पाटावर हवेत." तिसरी शिवराई अजून डिस्टिल्ड पाण्यात आहे, आज नववा दिवस, ठिपके दिसतायत पण भुकटी पडत नाहीये. चालू ठेवू ना, तांबेपितळ?