शब्दचर्चा : जीडीपीला ‘राष्ट्रीय उत्पन्न’ म्हणावं का?

वाचनवेडी
अर्थसंकल्पाच्या दिवसांत बातम्या वाचल्या की दरवर्षी हाच गोंधळ. जीडीपीला (ग्रॉस डोमेस्टिक प्रॉडक्ट) एक वृत्तपत्र ‘सकल राष्ट्रीय उत्पादन’ म्हणतं, दुसरं ‘सकल देशांतर्गत उत्पादन’. मुलीच्या बारावीच्या पुस्तकात ‘स्थूल देशांतर्गत उत्पादन’ आहे आणि राज्याच्या आर्थिक पाहणीत ‘स्थूल राज्य उत्पन्न’. हे सगळं एकच का? की शब्द बदलला की आकडाही बदलतो?

हिशेबनीस
ताई, काही ठिकाणी फक्त शब्द बदलतो, काही ठिकाणी आकडाही.

‘सकल’, ‘स्थूल’ आणि ‘ढोबळ’ यांत अर्थाचा फरक नाही. वृत्तपत्रांना ‘सकल’ आवडतो, पाठ्यपुस्तकांना आणि सरकारी अहवालांना ‘स्थूल’. तिन्हींचा मतलब एवढाच, की घसारा वजा केलेला नाही. वर्षभरात यंत्रं, इमारती, पूल झिजतात. ती झीज वजा केली की आकडा ‘निव्वळ’ होतो. ‘ढोबळ’ मात्र मी टाळतो. ‘ढोबळ नफा’ जमाखर्चात रुळलेला आहे हे खरं, पण बोलण्यात ढोबळ म्हणजे अंदाजपंचे. ‘देशाचं ढोबळ उत्पादन’ वाचून कुणालाही वाटेल, सांख्यिकीवाल्यांनी डोळे मिटून ठोकून दिलंय.

‘देशांतर्गत’ आणि ‘राष्ट्रीय’ यांची अदलाबदल मात्र चूकच. तिथे आकडा बदलतो.

बांधावरून
‘उत्पादन’ की ‘उत्पन्न’ यावर कुणीच बोललं नाही. आमच्याकडे ‘यंदा सोयाबीनचं उत्पन्न किती झालं?’ असं विचारलं तर क्विंटल सांगतात, रुपये नाही. आणि तलाठ्याकडच्या ‘उत्पन्नाच्या दाखल्या’त रुपयेच असतात. बाजार समितीच्या पाटीवर ‘कृषी उत्पन्न’ लिहिलेलं असतं, तिथे उत्पन्न म्हणजे माल. मग आर्थिक पाहणीतलं ‘राज्य उत्पन्न’ म्हणजे माल की कमाई?

हिशेबनीस
दोन्ही, आणि गंमत म्हणजे दोन्हींचा आकडा एकच यायला हवा.

समजा, शेतकऱ्याने 3,000 रुपयांचा ऊस घातला. कारखान्याने त्याची 4,000 ची साखर केली आणि मिठाईवाल्याने त्या साखरेची 7,000 ची मिठाई. (बाकीचा कच्चा माल सोयीसाठी सोडून देऊ.) तिघांची विक्री जोडली तर 14,000 होतात, पण त्यात ऊस तीनदा मोजला गेला. म्हणून प्रत्येकाने घातलेली भर तेवढी धरायची, ती म्हणजे मूल्यवृद्धी : 3,000 अधिक 1,000 अधिक 3,000. बेरीज 7,000, म्हणजे बरोबर शेवटच्या मालाची किंमत. आता ही भर गेली कुठे? मजुरी, खंड, व्याज आणि नफा होऊन कुणाच्या ना कुणाच्या खिशात. आणि मिठाई घेणाऱ्याने खर्चही 7,000 च केला. उत्पादन पद्धती, उत्पन्न पद्धती आणि खर्च पद्धती म्हणतात त्या याच. प्रत्यक्षात माहिती निरनिराळ्या ठिकाणांहून येते, त्यामुळे बेरजा तंतोतंत जुळत नाहीत आणि सरकारी तक्त्यात ‘तफावत’ नावाची ओळ छापावी लागते.

तेव्हा ‘राज्य उत्पन्न’ला माझी हरकत नाही.

जुनी पुस्तकं
थोडं अवांतर. दादाभाई नौरोजींनी 1867-68 साठी दरडोई उत्पन्नाचा अंदाज काढला तो वर्षाला 20 रुपये. त्यात प्रामुख्याने शेती, खाणी, कारखाने यांतला प्रत्यक्ष माल होता. वकील, शिक्षक, कारकून यांच्या सेवा धरलेल्या नव्हत्या. म्हणजे बांधावरून म्हणतात त्या अर्थाचं ‘उत्पन्न’. स्वातंत्र्यानंतर 1949 साली राष्ट्रीय उत्पन्न समिती नेमली गेली. महालनोबिस अध्यक्ष, आणि व्ही. के. आर. व्ही. राव व पुण्याच्या गोखले संस्थेचे धनंजयराव गाडगीळ सदस्य.

जीडीपीला ‘राष्ट्रीय’ म्हणायची सवय लागली त्याचं कारण मला जुनी पाठ्यपुस्तकं वाटतात. अमेरिकेतच 1991 पर्यंत मुख्य आकडा जीएनपी, म्हणजे राष्ट्रीय उत्पादन हा होता. तो मागे पडला, मराठी शब्द मात्र जिभेवर राहिला.

आखाती
देशांतर्गत म्हणजे देशाच्या हद्दीत पिकलेलं, राष्ट्रीय म्हणजे आपल्या नागरिकांनी कुठेही कमावलेलं. सोपं आहे. माझा भाऊ दुबईहून रत्नागिरीला पैसे पाठवतो, ते भारताच्या राष्ट्रीय उत्पन्नात येतात, देशांतर्गत उत्पादनात येत नाहीत.

हिशेबनीस
आखातीराव, पहिलं वाक्य अनेक गाइडांत असंच छापलेलं सापडेल, पण नियम नागरिकत्वाचा नाही, निवासाचा आहे. ज्याचा संसार आणि रोजगार वर्षभर किंवा जास्त काळ ज्या देशात, तो त्या देशाचा निवासी, पासपोर्ट कोणताही असो. तुमचे बंधू हिशेबापुरते अमिरातीचे निवासी. त्यांचा पगार तिथल्या राष्ट्रीय उत्पन्नात. घरी आलेला पैसा म्हणजे हस्तांतरण, मोबदल्यात काही न देता मिळालेली रक्कम; तो ‘राष्ट्रीय खर्चयोग्य उत्पन्न’ या पुढच्या पायरीवर धरतात.

देशांतर्गतवरून राष्ट्रीयवर जाताना मिळवायचं ते निवासींनी परदेशातून मिळवलेलं वेतन, व्याज, लाभांश. वजा करायचं ते परदेशी मालकांना इथून गेलेलं. भारतातून जाणारं जास्त, म्हणून आपलं राष्ट्रीय उत्पन्न जीडीपीपेक्षा किंचित कमी भरतं.

किंचित असतं तेव्हा शब्दांची अदलाबदल खपून जाते. आयर्लंडमध्ये खपत नाही. 2015 या एका वर्षात तिथला जीडीपी 26 टक्क्यांवर वाढल्याचं 2016 साली जाहीर झालं आणि जगभर हसू झालं. बड्या परदेशी कंपन्यांनी आपली बौद्धिक संपदा कागदोपत्री तिथे हलवली होती. उत्पादन देशांतर्गत, पण त्यातला आयरिश माणसाच्या वाट्याला येणारा भाग फारच थोडा. शेवटी त्यांच्या सांख्यिकी कार्यालयाला 2017 पासून ‘सुधारित राष्ट्रीय उत्पन्न’ असा वेगळा आकडा काढावा लागला. आयर्लंडच्या जीडीपीला कुणी ‘राष्ट्रीय उत्पन्न’ म्हटलं, तर ते भाषांतर नव्हे, चुकीची बातमी झाली.

वाचनवेडी
म्हणजे वृत्तपत्रांनी ‘देशांतर्गत’ लिहावं, आणि ‘सकल’ की ‘स्थूल’ ते ज्याने त्याने ठरवावं. पटलं. पण आमच्या गोव्यातल्या शेजाऱ्यांचं काय? ते तारवटी, परदेशी कंपनीच्या बोटीवर आठ-नऊ महिने असतात.

हिशेबनीस
बोटीवर संसार थाटता येत नाही, म्हणून खलाशी आपल्या घराच्या देशाचा निवासी. नियमाप्रमाणे त्यांचा पगार भारताच्या राष्ट्रीय उत्पन्नात, जीडीपीत नाही. उद्या त्यांनी बोट सोडून दुबईच्या बंदरावर दोन-तीन वर्षांची नोकरी धरली, तर पगार तेवढाच राहिला तरी तो आपल्या राष्ट्रीय उत्पन्नातून गळेल.