३५ इंची टायर आणि ३.२१ चा एक्सल: ४.८८ करू की नको?

डेन्व्हरचा नाशिककर

आधी गाडीची कुंडली मांडतो. जीपची रँग्लर जेके, २०१२ ची, चार दारांची. ३.६ लिटर पेंटास्टार इंजिन, पाच गिअरची ऑटोमॅटिक, एक्सलचा रेशो ३.२१ (म्हणजे प्रॉपेलर शाफ्ट ३.२१ वेळा फिरला की चाक एकदा फिरतं). आधीच्या मालकिणीने ती जन्मभर डांबरावरच चालवली. कारखान्यातून २२५/७५ आर१६ टायर होते, म्हणजे २९.३ इंच उंची. मी लिफ्ट करून, म्हणजे गाडी उंच करून, ३५ चे घातले. गाडी दिसते झकास आणि चालते ऊस भरलेल्या ट्रॅक्टरसारखी.

डेन्व्हरहून आय-७० ने पश्चिमेला निघालं की आयझेनहॉवर बोगद्यापर्यंत नुसता चढ, थेट ११,००० फुटांच्या वर. गेल्या शनिवारी गाडी धड एका गिअरमध्ये टिकेना. पाचवा, चौथा, तिसरा, परत चौथा. मागे एक कॅम्परवाला नाक लावून. शेवटी बायको म्हणाली, "तिला एकदा काय ते ठरवू दे, मग जाऊ."

तर पुढच्या-मागच्या दोन्ही एक्सलचे क्राऊन-पिनियन (मोठं दातेरी चक्र आणि त्याला फिरवणारा छोटा गिअर, रेशो यांच्यावरच ठरतो) बदलून ४.८८ करायचं म्हणतोय. दुकानाने दोन्ही मिळून २,३०० डॉलर सांगितले आहेत. माझ्या मते ३५ वर ४.८८ ला पर्याय नाही. विरोध असेल त्यांनी आकडे घेऊन यावं.

(इथले लोक आकडा मोठा झाला की त्याला 'लोअर' म्हणतात आणि नवा माणूस हमखास उलटं ऐकतो. या धाग्यापुरतं मोठा आकडा म्हणजे ओढीचा रेशो, लहान आकडा म्हणजे पळायचा.)

उलटा पाना

आणले आकडे.

तुमच्या गिअरबॉक्सचे गिअर ३.५९, २.१९, १.४१, १.०० आणि ०.८३. एक्सलच्या ३.२१ ने गुणा: ११.५, ७.०, ४.५, ३.२, २.७. आता ४.८८ ने गुणा: १७.५, १०.७, ६.९, ४.९, ४.१.

दोन्ही ओळी एकाखाली एक लिहून बघा. ४.८८ चा दुसरा म्हणजे जवळपास आत्ताचा पहिला. त्याचा तिसरा म्हणजे आत्ताचा दुसरा. चौथा म्हणजे आत्ताचा तिसरा, थोडा ओढीचा. सगळे गिअर एक घर सरकले, बाकी काही नाही. म्हणजे २,३०० डॉलरमध्ये तुम्ही विकत घेताय एक नवा पहिला गिअर.

बोगद्याच्या चढाला तुम्हाला लागतो सातच्या आसपासचा रेशो. तो आजही गाडीत आहे, त्याचं नाव दुसरा. कसारा घाटात एसटीचा ड्रायव्हर चढ लागायच्या आधीच गिअर पाडतो. तो डेपोत जाऊन क्राऊन बदलून मागत नाही. तुमच्या जेकेचा दांडा डावीकडे ढकलला की गिअर पडतो. ढकला.

घाटमाथा

पाना यांचा हिशेब चोख आहे, पण नाशिककरांची चूक वेगळीच आहे. ते ४.८८ वर आले कुठून? टायरवाल्याच्या भिंतीवरच्या रंगीत तक्त्यावरून, दुसरं काय.

कारखान्याची चाल परत आणायची तर ३.२१ ला ३५ ने गुणा, २९.३ ने भागा. ३.८३ येतं. ४.८८ च्या आसपाससुद्धा नाही. आता तुम्ही म्हणाल, ३.२१ हा मुळातच पेट्रोल वाचवायला दिलेला पळायचा रेशो, त्याची कशाला बरोबरी करायची? मान्य. मग रँग्लरचीच डोंगरासाठी बनवलेली रुबिकॉन घ्या: ४.१० चा एक्सल, २५५/७५ आर१७ टायर, म्हणजे ३२ इंच. आणि तुमचे ३५ खरे ३५ नसतात. गाडीखाली हवा भरून टेप लावा, साडेचौतीसच्या वर भरले तर मला सांगा. ४.१० गुणिले ३४.५ भागिले ३२ बरोबर ४.४२. त्याच्या सगळ्यात जवळचं सामान ४.५६ चं मिळतं. विषय संपला.

डेन्व्हरचा नाशिककर

विषय समुद्रसपाटीवर संपला. मी राहतो ५,२८० फुटांवर आणि शनिवारी असतो दहा-अकरा हजारांवर. टर्बो नसलेलं इंजिन दर हजार फुटांमागे साधारण ३ टक्के दम सोडतं. बोगद्यापाशी माझ्या २८५ घोड्यांतले ऐंशीएक घोडे खालीच चरत असतात. शिवाय या इंजिनाचा टॉर्क (ओढ) भरतो ४,८०० आरपीएमला. डिझेलसारखं खालून ओढणारं ते नाहीच. ७५ मैलांच्या वेगाला ३.२१ वर ते १,९५० वर पेंगतं, ४.८८ वर २,९५० ला जागं असतं. तुमच्या ४.४२ मध्ये उंचीचे १५ टक्के मिळवा, मग बोला.

पाचतेरा

मिळवले. ५.०८ आलं. म्हणजे ५.१३. मी तेच घातलंय आणि सुखी आहे. आज ४.८८ घालाल, पुढच्या वर्षी ३७ चे टायर घ्याल आणि पुन्हा पैसे मोजाल. सगळे घेतात.

उलटा पाना

उंचीचा हा हिशेब मी बऱ्याचदा वाचलाय, दर वेळी तोच घोटाळा असतो. गिअर ताकद तयार करत नाही. उंचीवर गेलेले घोडे गेले. उरलेल्यांना जास्त फेऱ्यांवर पळवायचं तर त्यासाठी गिअरबॉक्समध्ये पाच पर्याय आधीच आहेत.

बाकी पाचतेरांचं सुख मी पाहिलेलं आहे. ७५ वर ३,१०० आरपीएम, आणि तोंडाने "आवाज मला आवडतो" म्हणणं.

ग्रीसचे हात

मी टेक्सासात फावल्या वेळात डिफ (डिफरन्शियल, एक्सलच्या मधली क्राऊन-पिनियनची पेटी) बांधतो, मूळचा इचलकरंजीचा. तुमच्या गणितात लोखंड कुठेच दिसलं नाही म्हणून लिहितोय.

दाते मोजा. ३.२१ म्हणजे क्राऊनला ४५ आणि पिनियनला १४. ३.७३ म्हणजे ४१ आणि ११. ४.५६ म्हणजे ४१ आणि ९. ४.८८ म्हणजे ३९ आणि ८, तर ५.१३ म्हणजे ४१ आणि ८. क्राऊनचा घेर तेवढाच, कारण हौसिंग तेच. मग रेशो वाढवायला बारीक होतो तो पिनियन. चौदा दात्यांचा पिनियन हातात घ्या आणि शेजारी आठाचा ठेवा. पहिला मनगटाएवढा वाटतो, दुसरा अंगठ्याएवढा. थोडं वाढवून सांगतोय, पण फार नाही.

नाशिककर, तुमच्या गाडीला मागे डेना ४४ आहे, त्याची काळजी नाही. पुढे मात्र डेना ३० आहे, त्याच कंपनीचा बारका एक्सल. त्यात आठ दाते, त्यावर ३५ चा टायर, आणि पुढचं चाक दगडाच्या फटीत अडकलेलं असताना तुमचा पाय पेट्रोलवर. काय होतं ते मी गोळा करून डब्यात ठेवलेलं आहे. ४.५६ ला एक दाता जास्त मिळतो. पुढचा एक्सल तोच राहणार असेल तर मी घाटमाथांच्या बाजूचा.

आणि मुख्य म्हणजे, रेशो कुठला यापेक्षा बांधला कुणी हे बघा. माझ्या पहिल्या गाडीचं काम मी दुकानात दिलं होतं. ४५ मैलांच्या वेगाला पाय उचलला की मागून कोल्हेकुई. दुकानदार म्हणे, नवीन आहे, बसेल. ३०० मैलांनी कव्हर उघडलं तर क्राऊनचे दाते कडेला निळे पडलेले. पिनियनची खोली चुकली होती, शिम (जागा जुळवायची पातळ चकती) जाड. तेव्हापासून मीच करतो. बॅकलॅश (दात्यांमधली मोकळीक) ६ ते १० हजारांश इंचात बसवायचा, दात्यांना पिवळी पेस्ट लावून फिरवायचं आणि ठसा बघायचा. ठसा दात्याच्या मधोमध हवा, शेंड्याला नको आणि बुडाला तर नकोच. मग पहिली पंधरा-वीस मैलं हळू चालवून डिफ पूर्ण गार होऊ द्यायचा, आणि ५०० मैलांना तेल बदलायचं. दुकानदाराला ठशाचा फोटो मागा. द्यायला कुरकुरला तर गाडी परत आणा.

जिप्सीवाला

पुण्याहून. तुमच्या डॉलरच्या गप्पांत घुसतोय, पण प्रश्न तोच आहे. माझ्या जिप्सी किंगला मोठे टायर घातल्यावर मीही एक्सलच्या मागे लागलो होतो. मग एका जुन्या मेकॅनिकने हात धरला. जिप्सीची ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या एक्सलला ओढ वाटणारी पेटी) गिअरबॉक्सपासून वेगळी असते, मध्ये छोटा शाफ्ट. तिच्यातले गिअर बदलले की हाय (रस्त्यावरचा) आणि लो (दगडांत रांगायचा) दोन्ही ओढीचे होतात आणि डिफला हात लागत नाही. सुझुकीवाले जगभर हेच करतात. नाशिककर एक्सललाच का चिकटलेत?

बाकी आपल्याकडे टायरचा आकार बदलायचा म्हटलं तरी आरसी बुक आणि मोटर वाहन कायद्याचं कलम ५२ डोळ्यापुढे येतं. क्राऊनमधले दाते मोजायला अजून कुणी आलं नाही, एवढंच सुख.

उलटा पाना

जिप्सीवाले बरोबर रस्त्यावर आहेत. नाशिककर, तुमची ट्रान्सफर केस लो मध्ये २.७२ देते. रुबिकॉनची देते ४. पहिल्या गिअरमध्ये ३.५९ गुणिले ४ गुणिले ३.२१ म्हणजे ४६. तुमच्या ४.८८ ने येतात ३.५९ गुणिले २.७२ गुणिले ४.८८, म्हणजे ४७.७. दगडावर रांगायला दोन्ही सारखेच. वर पुढच्या डिफमध्ये चौदा दात्यांचा दणकट पिनियन शाबूत, आणि सपाट कॅन्ससला जाताना इंजिन शांत. जुन्या रुबिकॉनची केस भंगारवाड्यातून आणा, शाफ्टची लांबी मोजून घ्या, झालं.

ग्रीसचे हात

अर्धंच सांगितलंत. ओढ एक्सलमध्ये वाढवली की प्रॉपेलर शाफ्टवर ताण कमी येतो, कारण गुणाकार त्याच्या पुढे होतो. ट्रान्सफर केसमध्ये वाढवली की तोच ताण शाफ्टवर आणि त्याच्या जॉइंटवर दीडपट. लिफ्ट केलेल्या जेकेच्या मूळ शाफ्टचे रबरी बूट आधीच फाटायला टेकलेले असतात.

उलट, ४.८८ वर ७५ मैलांना शाफ्ट मिनिटाला साडेतीन हजारांच्या वर फिरतो, आत्ता २,३५० च्या आसपास. आजवर न जाणवलेलं कंपन तेव्हा सीटखाली जाणवेल. कुठूनही गेलात तरी शाफ्ट बदलण्याचे पैसे बाजूला ठेवा.

घाटमाथा

गंमत बघा. दुसऱ्या महायुद्धातल्या विलीजला ४.८८ च होता. नंतर शेतकऱ्यांसाठी काढलेल्या सीजे-२ए ला ५.३८. टायर होते १६ च्या रिमचे, आजच्या स्कूटरला लाजवतील असे सडपातळ. त्या जीपला ७५ मैलांनी कॅन्ससला जायचं नव्हतं म्हणून ते चाललं. या धाग्यात गाडी कुठे जाते याबद्दल एकाच शनिवारची माहिती आहे. नाशिककर, सोमवार ते शुक्रवार काय करता?

पॅसेंजर सीट

सोमवार ते शुक्रवार ती सोळा मैल ऑफिसला जाते आणि सोळा मैल परत येते. सिग्नलला निघताना शेजारची प्रियस पुढे जाते आणि घरी आल्यावर मला त्याबद्दल ऐकावं लागतं. (हो, मीच ती "एकदा काय ते ठरवू दे" वाली.) माझा प्रश्न साधा आहे. ३३ चे टायर घालून हे सगळं टळलं नसतं का?

डेन्व्हरचा नाशिककर

त्या प्रश्नाचं उत्तर घरी देतो.

काल पानासाहेबांचा प्रयोग केला. दांडा डावीकडे ढकलून दुसऱ्यात अडकवला आणि बोगद्याकडे निघालो. ताशी ५० मैल, ३,४०० आरपीएम, एकदाही गिअर बदलला नाही. आवाज वाढला, बाकी गाडी घड्याळासारखी चढली. म्हणजे ज्या चढासाठी मी हा धागा काढला, त्या चढाला ४.८८ ची गरज नाही. हे लिहिताना त्रास होतोय, पण खरं आहे.

त्यानंतर मात्र खाणीच्या एका जुन्या रस्त्याने उतरलो. फोर-लो, पहिला गिअर, खाली अजून काही नाही. एकूण रेशो ३१. कागदावर आयडलला ताशी ४ किलोमीटर यायला हवेत, पण ऑटोमॅटिकचा टॉर्क कन्व्हर्टर (क्लचच्या जागचा तेलाचा जोड) घसरतो आणि मोठं चाक गाडीला पुढे लोटतं. सुटे दगड, उजवीकडे दरी, पाय ब्रेकवरून उचलला की गाडी सुटायची. पंचवीस मिनिटांनी खाली पोचलो तेव्हा पुढच्या चाकांतून जळक्या ब्रेक पॅडचा वास आणि माझी पोटरी लाकडासारखी. तिथे मला पानांनी हिणवलेला तो "नवा पहिला गिअर" हवा होता. तेवढाच हवा होता.

तर निर्णय असा. ट्रान्सफर केस नाही, कारण सिग्नलची प्रियस आणि रोजचे बत्तीस मैल हाय मध्येच असतात. ५.१३ नाही. ४.५६ की ४.८८ यात ग्रीसदादांचा आठ दात्यांचा डबा डोळ्यापुढून जात नाही. पुढच्या एक्सलची नळी मजबूत करून घेतो, दगडात अडकल्यावर पेट्रोलवरचा पाय आवरतो, आणि ४.८८ च घालतो. स्पीडोमीटर नव्या रेशोला जुळवून घेईन. पेस्टच्या ठशाचा फोटो मागितलाय, दुकानदार हो म्हणालाय.

ग्रीसचे हात

पाय आवरतो असं सगळेच म्हणतात. डब्यात जागा आहे.

उलटा पाना

तुमचे पैसे, तुमची पोटरी. एक विनंती. जुनं ३.२१ चं सामान भंगारात देऊ नका. माझ्या जेकेलाही तेच दोन एक्सल आहेत, रेशो ३.७३, टायर मूळचे २९ चे, आणि रोज नव्वद मैल सपाट रस्ता. कुरिअरचा खर्च मी देतो.